उघडं बी

माझ्या ओसरीत टांगलेल्या कुंड्या पाहून लोक म्हणतात, काय हौस आहे हो तुम्हाला फुलांची! मी नुसती हसते. हौस कसली डोंबलाची? आमच्याकडे फूल म्हणजे देवाला वाहायचा झेंडू, आणि तोही वांग्याच्या वाफ्याच्या कडेला लावलेला. पिटुनिया हे नाव मी ऐकलं पस्तिशी उलटल्यावर. लावली ती निव्वळ खुन्नस म्हणून, माझ्या थोरल्या जावेच्या नाकावर टिच्चून.

वाशीमची वस्ती संपून वावरं सुरू होतात तिथं आमचं घर. घराणं भाजीपाल्याचं. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा चार माणसं खाटेवर बसली, चहा प्याली आणि विहिरीजवळची जागा थोरल्यांच्या नावानं सांगून मोकळी झाली. ती जागा म्हणजे आमच्या घराचा जीव. निंबाच्या सावलीतली, पाण्याला लागून, वर्षानुवर्षं शेणखत खाऊन काळी भुसभुशीत झालेली. तिथं रोप व्हायचं. कांद्याचं, मिरचीचं, वांग्याचं. आम्हाला काय मिळालं? घराची पुढची ओसरी, तिच्यावरचं टीन, टिनाखालचा लोखंडी पाइप आणि लांबचं एक कोरडवाहू वावर. अंगण दोघींचं सामाईक ठेवलं, म्हणजे रोज सकाळी एकमेकींची तोंडं पाहायची सोय करून ठेवली.

चार माणसांचं म्हणणं एकच होतं. रोप थोरली करते, तर जागा थोरलीची. खोटं नव्हतं ते. तिच्या हातचं रोप न्यायला मेडशीहून माणसं एसटीनं यायची आणि ओल्या पोत्यात गुंडाळून जपून न्यायची. बाजारात दुसऱ्याची रोपं पडलेली असली तरी तिच्या रोपासाठी लोक दोन दिवस थांबायचे. पण मला त्या वेळी हे कबूल करायला लावलं असतं तर मी जीभ चावून घेतली असती. मला दिसायचं एवढंच, की ती सावलीत बसून बी टाकते आणि मी विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उन्हात वाकलेली असते. तिला मूलबाळ नव्हतं, मला दोन पोरी. सासू तिच्याकडे राहायची. तरी पोरींमुळे जागेची गरज मला जास्त आहे असा माझा हिशेब होता, आणि तो मी येताजाता, भांडी आपटून, तिला ऐकवायची.

जावा जावा आणि उभा दावा, दुसरं काय. आमच्यात एक पातेलं इकडून तिकडे गेलं नाही सहा वर्षांत.

त्या वर्षी पावसाळ्यात मी वाशीममधल्या एका नर्सरीत रोजानं जात होते. तिथं छताला टांगलेल्या कुंड्या असायच्या, त्यांतून फुलांचे झुबके खाली लोंबलेले. तिथं त्याला नुसतं ‘हँगिंग’ म्हणत. साहेबांच्या बायका गाडीतून उतरायच्या, बोटानं दाखवायच्या, ड्रायव्हर उचलायचा. मालक ही रोपं बाहेरून तयार आणायचा आणि प्रवासात निम्मी मरायची. एकदा तो मेलेल्या रोपांना शिव्या घालत असताना मी म्हटलं, “बियापासून काहून करत नाही?”

“तू करशील काय?” तो म्हणाला.

“करीन.”

बोलून बसले. आता बोललेलं गिळायची सवय मला कधीच नव्हती. त्यानं पिटुनियाच्या बियाचं एक पाकीट, वीस रिकाम्या कुंड्या आणि जुने ट्रे दिले. म्हणाला, “संक्रांतीले वीसच्या वीस हँगिंग फुलावर पायजेत. जमलं तं दरसालचं काम तुह्यं, घरी बसून कर. नाही जमलं तं मले तोंड दाखवू नको. रोजानं बायका मले छप्पन भेटते.”

घरी बसून. हे दोन शब्द माझ्या डोक्यात असे बसले की काही विचारू नका. घरी बसून म्हणजे सोंगणीला जायचं नाही, निंदणाला जायचं नाही, कुणाच्या बांधावर ‘हात चालव व बाई’ ऐकायचं नाही. जमीन नसली तर नसली. कुंड्या टांगायला जमीन लागत नाही, पाइप लागतो, आणि पाइप तेवढा माझ्या वाटणीला आला होता!

पाकीट उघडलं तर मला वाटलं, मेल्यानं रिकामंच दिलं. कोपऱ्यात चिमूटभर तपकिरी धूळ होती. तेच बी. मोहरी त्याच्यापुढे भोपळा. एक शिंक आली असती तर वीस कुंड्या हवेत गेल्या असत्या. मालकानं सांगितलं होतं ते मी पाठ केलं होतं. बी बारीक वाळूत मिसळायचं, ओल्या मातीवर पसरायचं, तळहातानं हलकं दाबायचं आणि झाकायचं नाही. अजिबात नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. पाणीसुद्धा वरून नाही. ट्रे घटकाभर पाण्याच्या परातीत ठेवून काढायचा, ओल खालून आपोआप चढते.

हे आमच्या घरात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आमच्यात बी म्हटलं की झाकायचं. ओळीत बी टाकलं की त्यावर चाळलेल्या खताची मूठ, कडेनं राख, वर कुटाराचा, म्हणजे भुशाचा, पातळ थर. लग्न होऊन आलेल्या पोरीला आधी हे शिकवतात, मग चूल दाखवतात. उघडं बी टाकून उठून जाणं म्हणजे डोईवरचा पदर टाकून भर बाजारात जाण्यासारखं. मलाही ते ट्रे तसे उघडे ठेवताना कसंनुसंच होत होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी ओसरीच्या कट्ट्यावर बसून बी पसरलं. पाकिटातलं सगळं नाही टाकलं. एक चिमूट कागदाच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवली. सगळं बी एका दिवशी मातीत घालू नये, हे माझ्या आईचं शिकवणं. जाऊ तिकडे विहिरीजवळ कांद्याचा वाफा तयार करत होती. माझ्याकडे पाहत होती, हे मला पाठीनं कळत होतं. शेवटी आलीच अंगण ओलांडून, कमरेवर हात ठेवून.

“काय व, हवेत वावर करून राह्यली काय?”

“जमीन तं तुमी घेतली, बाई. हवा उरली होती, थे म्या घेतली.”

ती वाकून ट्रेकडे पाहू लागली. रोपाचं माणूस ते, तिला राहवेना. “झाकत नाही काय व हे बी? असंच राह्यते?”

आता इथं मी सरळ सांगायला हवं होतं. झाकत नाहीत बाई, याला उजेड लागतो. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या मनात आलं, सगळं हिला येतं, तेवढं हे एक मला येतं. हेही हिला सांगितलं की पुढच्या वर्षी विहिरीजवळ हिच्याच हँगिंग लटकतील.

“तुमाले काय करायचं?” मी म्हटलं. “तुमचं तुमी झाका.”

“आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं नाही माहं,” ती म्हणाली. “विचारलं फक्त.” आणि गेली.

तिसऱ्या दिवशी मला सोयाबीनच्या सोंगणीला जावं लागलं. दिवाळी तोंडावर, पोरींना कपडे घ्यायचे. नर्सरीचं जमेपर्यंत पोट थांबतं होय? पहाटे ट्रे परातीतल्या पाण्यात भिजवले, काढून कट्ट्यावर ठेवले, नवऱ्याला सांगितलं की हात लावू नको. तोही दुपारी वावरात गेला. दिवसभर सोयाबीनच्या शेंगा हाताला टोचत होत्या आणि माझं सगळं ध्यान कट्ट्यावर होतं.

दिवस मावळायच्या आत परत आले. अंगणातूनच दिसलं. तिन्ही ट्रेवर काळं खत पसरलेलं. बोटाच्या पेरभर, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. कडेनं राखेची रेघ. वर कुटार, एकेक काडी मोडून बारीक केलेलं. इतकं बारीक खत आमच्या घरात एकच बाई चाळते. ते कुणाचं काम आहे हे आंधळ्यानंही चाचपून सांगितलं असतं.

हातातला विळा मी कट्ट्यावर टाकला. मी कोंबडीच्या पिसानं खत बाजूला करू लागले. पण धुळीतून धूळ कशी निवडायची? बी, वाळू, खत सगळं एक झालेलं. वीस कुंड्या गेल्या, संक्रांत गेली, घरी बसून गेलं. उभी राहिले आणि तोंड सुटलं माझं.

ती विहिरीजवळच होती, हातात चाळणी. मी तिला लग्न झाल्यापासून ‘तुमी’ म्हणत आले होते, कडाक्याच्या भांडणातसुद्धा. त्या दिवशी ते गेलं.

“जळून राह्यली तू! माहं चांगलं पाहवत नाही तुले! साऱ्याची जागा गिळली, आता माह्या ओसरीवर आली काय?”

“अव, आयकून तं घे…”

“काय आयकू? तुह्या हातचं लोकायच्या वावरात लय उगवते. सोताच्या घरात काय उगवलं आजवर, थे सांग ना!”

तिच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले होते, नवस झाले होते. वाशीम झालं, अकोला झालं, पोहरादेवीला खेटे झाले. हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते बरोबर जिभेवर आलं. सासू दारात बसून तूर निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. माझी थोरली पोर आतून बाहेर येत होती, ती उलट पावली आत गेली. जावेनं चाळणी हळूच वाफ्याच्या कडेला ठेवली, हात पदराला पुसले आणि घरात गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मला उलटून काही बोलली नाही. खरं सांगते, त्या रात्री मी पोटभर जेवले. जिंकले होते ना!

सकाळी पाणी भरताना सासू माझ्याजवळ आली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बादलीकडे पाहत म्हणाली, “मुंग्या लागल्या होत्या तुह्या बियाले. रांग लागली होती, वाळूसंगट बी नेऊन राह्यल्या होत्या. मोठीनं दोन घंटे बसून एकेक मुंगी येचली. मंग राख टाकली, बी झाकलं. मले म्हने, उघडं टाकून गेली येडी, उन्हानं मरून जाईन. माहं वाफ्याचं काम पडलं तं पडू दे म्हने, तिच्यावर पोरीयचं पोट हाय.”

सासू बादली उचलून गेली.

माफी मागावी असं मनात आलं का? आलं. पण त्याच्या मागोमाग दुसरं आलं: झाकायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं? आणि मग आठवलं, की विचारलं होतं तिनं. पहिल्याच दिवशी, वाकून, सरळ विचारलं होतं. मला तिचा आणखीच राग आला. चूक आपली निघाली की समोरच्याचा जास्त राग येतो, निदान मला तरी येतो. मी गेले नाही तिच्याकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्यासारख्यांसाठीच.

तांदळाच्या डब्यातली पुडी काढली. एका ट्रेपुरतं बी होतं. या वेळी ट्रे विटांवर ठेवला, विटा पाण्याच्या परातीत, म्हणजे मुंगीला वाट नाही. सोंगणी सोडली. नवऱ्याची बोलणी खाल्ली. ट्रेसमोर बसून राहिले. आठव्या-नवव्या दिवशी मातीवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं. मी घाबरून डोळे जवळ नेले तर ती रोपं होती, एकेकाला दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी. माझ्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. दाखवायला मान वर केली तर अंगणात कोणी नव्हतं. ज्या एका माणसाला त्याची किंमत कळली असती तिचं दार लावलेलं होतं.

पुढं निंबाच्या काडीनं एकेक रोप उचलून वेगळं केलं. काही माना टाकून मेली, काही गोगलगायीनं खाल्ली. शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात. कुंडीत पाच-पाच लावली, पाइपाला टांगली. मार्गशीर्षात पहिली कळी उमलली, जांभळी. संक्रांतीच्या चार दिवस आधी वीसच्या वीस कुंड्या गाडीत चढवल्या. मालकानं फिरवून फिरवून पाहिल्या, खोड काढायला काही सापडेना, तेव्हा म्हणाला, “जमलं बुवा.” तिथंच एक साहेबीणबाई उभ्या होत्या, म्हणाल्या, “किती सोपं असतं ना हे, नुसतं बी टाकायचं!” मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

तेव्हापासून मी कुणाच्या बांधावर गेले नाही. हे माझं खरं झालं, नाही कशाला म्हणू.

पण त्या हिवाळ्यात दुसरंही एक झालं, आणि ते मला उशिरा दिसलं. कुंड्यांच्या नादात मी विहिरीकडे पाहिलंच नव्हतं. दिवाळीनंतर कांद्याचं रोप न्यायला माणसं येऊ लागली आणि तशीच परत जाऊ लागली. वाफा रिकामा होता. ज्या दिवशी मी बोलले त्या दिवशी तो जसा खुरपून ठेवलेला होता तसाच, नुसतं गवत माजलेलं. चाळणी कडेलाच पडून गंजलेली. सासू म्हणाली, तिनं बी डब्यात परत भरलं आणि डबा वर माळ्यावर टाकला. कोणी विचारलं की सांगते, आता होत नाही.

गुढीपाडव्यानंतर सासूच निरोप घेऊन आली. “मोठी म्हनते, विहिरीजवळची जागा धाकटीले देऊन टाका. तिले लागते.”

घ्या! जिच्यासाठी सहा वर्षं भांडी आपटली ती जागा पाटावर बसवून दिली मला. नवरा खूश झाला. चार माणसं पुन्हा बसली, पुन्हा चहा प्याली. मी त्या काळ्या मातीत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत गेला, एवढी तिनं ती मऊ करून ठेवलेली. मला तिथं एक क्षणही उभं राहवेना.

ज्येष्ठात मिरचीचं बी आणलं. वाफा केला, ओळी ओढल्या. आणि मग बियाची वाटी घेऊन मी तिच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा, बोलावल्याशिवाय. ती भाकरी थापत होती.

“बाई,” मी म्हटलं, “तुमच्या हातानं टाका.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. सगळं सावकाश. मग माझ्याकडे पाहून, अगदी साधं, भाजीचं विचारावं तसं म्हणाली, “माह्या हातचं घरात उगवत नाही. तूच म्हनली.”

“चुकलं माहं.”

“चुकलं तं चुकलं. जाय, बी वाळून राह्यलं तुह्यं.”

बी मीच टाकलं. उगवलंही. मी काही अडाणी नाही, हे काम मलाही येतं. पण कुठं दाट, कुठं विरळ. देठ लांबुळके, पानं फिकी. तरी विकायला झालं.

आषाढात मेडशीचे एक म्हातारे शेतकरी आले, दरवर्षीचे. ओलं पोतं काखेत. जाऊ विहिरीवर बादली घासत होती, दहा पावलांवर, आमच्याकडे पाठ करून.

“मोठ्या बाईचं रोप हाय ना व?” त्यांनी मला विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी वाकून एक रोप उपटलं, मुळावरची माती झटकली, मुळाकडे पाहिलं आणि परत वाफ्यात खोचून ठेवलं. “नाही बाई. हे त्यायच्या हातचं नाही.” मग म्हणाले, “त्या करत नाहीत काय आता?”

“नाही.”

“काहून?”

विहिरीवर बादली घासायचा आवाज थांबला. बी संपलं, तब्येत बरी नसते, वय झालं, शंभर थापा माझ्या तोंडाशी आल्या.

“म्या बोलली म्हनून,” मी म्हटलं. “नाही बोलायचं थे बोलली मी तिले.”

म्हाताऱ्यांना काही उमगलं नाही. ते एकदा माझ्याकडे, एकदा तिच्या पाठीकडे पाहत राहिले. तिनं बादली विसळली, पाणी भरलं आणि अंगण ओलांडून माझ्या अंगाजवळून आत गेली. दार लावून घेतलं. म्हाताऱ्यांनी रिकामं पोतं झटकून त्याची घडी केली आणि, गाडीची वेळ झाली म्हणून, ते एसटीकडे निघून गेले.